मला मराठी येत नाही

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तंजावूरच्या आमच्या घरात सगळे मराठीच बोलतात, पण देवनागरी वाचता येते ती एकट्या मला — म्हणून तर इथे लिहिते आहे. घरचं कुणी वाचणार नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

मी एम.ए. झालेली बाई. एका एजन्सीने मला इंग्रजी शाळेत एलकेजीच्या वर्गावर मदतनीस म्हणून पाठवलं. मदतनीस म्हणजे काय? बाईंनी फळ्यावर सफरचंद काढायचं आणि आपण पोरांची नाकं पुसायची. वर्गाच्या जयंती मिस माझ्या निम्म्या वयाच्या, आणि त्यांचं इंग्रजी ऐकून माझे कान किटायचे. तरी त्या ‘मिस’ आणि मी ‘आक्का’. एजन्सीवाला म्हणायचा, ॲडजस्ट करा मॅडम. त्याचं काय जातंय?

जूनमध्ये वर्गात सई आली. चार वर्षांची, वडिलांची बदली नाशिकहून इथल्या बँकेत झालेली. ना तमिळ, ना इंग्रजी. पहिल्या दिवशी फाटकात तिची आई कावरीबावरी उभी होती, म्हणून मी मोठ्या उत्साहाने मराठीत बोलायला गेले — खापरपणजोबांपासून आम्ही सांभाळलेली मराठी. त्या बाईला हसू आवरेना. म्हणाली, “अय्या, तुम्ही अगदी ऐतिहासिक नाटकातल्यासारखं बोलता हो. आणि वर तो मद्रासी हेल!” तिच्या मनात काही नव्हतं. हे मला आज कळलं असं नाही, तेव्हाही कळत होतं — आता खोटं कशाला बोलू? पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कालची आलेली ही, आणि माझ्या भाषेला हसते?

त्या दिवसापासून मी सईशी फक्त इंग्रजी बोलले. शाळेचा नियमच होता तसा. जयंती मिस शाळेतल्या आयाशी खुशाल तमिळ बोलायच्या, त्या नियमाला कुत्रं विचारत नव्हतं. पण मला तो किती सोयीचा पडला.

सई तरीही माझाच पदर धरून राहायची. फाटकात तिने ऐकलं होतं ना मला. एकदा डबा खाल्ल्यावर ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, “आक्का, शू आलीय.” मी म्हटलं, “इन इंग्लिश.” ती पुन्हा तेच म्हणाली, पाय आवळून. मी खडू आवरत बसले. जयंती मिसनी विचारलं, काय म्हणतेय ती? आणि मी — जिला स्वप्नंसुद्धा मराठीत पडतात ती मी — म्हणाले, “मला मराठी येत नाही, मिस.”

हे मी इंग्रजीत बोलले. सईला कितपत समजलं, कोण जाणे. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं — पण आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून पोर बघतं ना, तशी बघत होती. मग उभ्या उभ्या तिचे मोजे भिजले, बूट भिजले. वर्ग हसला. फरशी आयाने पुसली.

शाळा सुटल्यावर तिची आई उलट माझीच माफी मागायला आली. मी “इट्स ओके” म्हटलं. केवढं माझं मोठं मन!

दिवाळीपर्यंत सई हात वर करून विचारायला शिकली, “मे आय गो टु द टॉयलेट, प्लीज?” मिसनी पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. शाळेने एजन्सीला कळवलं की ही आक्का मुलांना लवकर इंग्रजी बोलायला लावते, आणि माझी मुदत वाढली. मी थँक्यू म्हणाले.

नंतर एकदा सईची आई फाटकात भेटली. तिचा चेहरा उतरलेला होता. “घरीसुद्धा मराठी बोलत नाही हो ती आता,” म्हणाली. “बोललं की शू होते, म्हणते.”

मला सगळं समजलं. मी इंग्रजीतच उत्तर दिलं, “व्हेरी गुड.”