बंबात घातलेली सीतेची आसवं

हे आजवर कुणाला बोललो नाही. बायको गेली, तिलाही नाही. मुलाला तर मुळीच नाही — इथं परदेशात, यिशुनला त्याच्याच फ्लॅटात राहतो, पण त्याच्यापुढे मान खाली घालायची मला सवय नाही. तुम्हाला म्हणून सांगतो.

गावी सड्याखाली — डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाच्या माळाखाली — एका पाद्र्याचा बंगला होता. मी तिथला राखणदार. पाद्री इंग्रजांच्या वेळचा, मी जन्मायच्या आधीच वारलेला. माझा आजा सांगायचा — हा गोरा रविवारी प्रवचन द्यायचा आणि इतर दिवशी सड्यावर गुडघे टेकून बसायचा. गुराखी हसायचे, "पाद्री गवताच्या पाया पडतोय रे!" त्यानं वाळवून कागदांवर चिकटवलेल्या झाडांचे गठ्ठे माळ्यावर तसेच होते.

एकदा कॉलेजातल्या एक बाई ते बघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "गाडी घेऊन येते. तोवर हात लावू नका हं काका, तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

मला? सड्यावर जन्म गेलेल्या मला?

मग — ते गठ्ठे मी अंघोळीच्या बंबात घातले. रोज थोडे थोडे. एक कागद उघडलाही होता. सीतेची आसवं. दाण्याएवढं फूल, अजून निळं! खाली पाद्र्यानं मराठीत नाव लिहिलेलं, पहिलीतल्या पोरासारखं गिरवून. मला वाचता आलं. वाचलं — आणि तोही आत टाकला. पाणी छान तापलं.

बाई आल्या तेव्हा म्हणालो, "वाळवीनं खाल्लं." त्या रिकाम्या फळीवरून नुसता हात फिरवत राहिल्या.

गेल्या रविवारी नात मला इथल्या बागेतलं प्रदर्शन दाखवायला घेऊन गेली. काचेखाली जुनी वाळकी झाडं. आणि एका कागदावर — तेच गिरवलेलं अक्षर. सीतेची आसवं. त्यानंच कधीतरी बोटीनं इकडे धाडलं असणार. आमच्या सड्यावरचं फूल, समुद्र ओलांडून, माझ्या कितीतरी आधी इथं येऊन बसलेलं. तसंच निळं! एवढंसं ते — ते दिसायला तो माणूस किती वाकला असेल?

"कम ला आजोबा," नात इकडच्या पोरांसारखं म्हणाली, "ड्राय ग्रासच आहे."

मी काचेवर वाकलेलाच राहिलो.

बाकीच्या कागदांवर काय होतं, ते मला सांगता यायचं नाही. मी एकच उघडला होता.