सावलीतले नमुने

प्रेमदास तीस वर्षं सरकारी रस्त्यावर डागडुजी करणारा मैलकुली होता. निवृत्तीनंतर घरात लुडबुड करण्यापेक्षा बरं म्हणून तो रोजंदारीवर तपासणीच्या गाडीवर लागला. वडनेरकडचा नवा रस्ता सरकार आणि एका खाजगी कंपनीच्या भागीदारीतला; तपासणारे तिसरेच. दर महिन्याला यंत्रानं रस्त्यातून गोल तुकडे कापायचे, जाडी मोजायची, अहवाल धाडायचा. दोन वर्षं सगळे अहवाल उत्तम. शनिवारी शेवटचा गेला की कंपनी जबाबदारीतून मोकळी होणार होती.

त्याच आठवड्यात त्याची सून दीपमाला नव्या वळणावरच्या भेगेत चाक अडकून स्कूटीवरून पडली.

"मामाजी, तुमाले इतकी मोठी भेग दिसली नाई काय?" सोललेलं कोपर धुता धुता तिनं विचारलं.

प्रेमदासनं जेवणाचं ताट बाजूला सारलं. कारण नमुन्यांच्या जागा तोच दाखवत आला होता. साहेब विचारायचे, "कुठं थांबायचं?" आणि हा मैलकुलीच्या जुन्या सवयीनं कडुनिंब दाखवायचा. झाडं उरली होती ती नवा रस्ता जुन्यावरूनच गेला त्या भागात, जिथं खालचा पाया पक्का. नवं वळण काळ्या मातीतून गेलेलं. तिथं सावली नाही, म्हणून कुणी कधी उतरलंच नाही! कंपनीला लबाडी करायचीही गरज पडली नाही. प्रेमदासच तिला पावला होता.

सांगितलं तर हातचं काम जाणार, हे त्याला कळत होतं. तरी शुक्रवारी गाडी कडुनिंबापाशी थांबली, तेव्हा तो उतरला नाही.

"मॅडम, चूक माह्यी हाय," तो नव्या इंजिनीअर आचलला म्हणाला. "दोन वर्सं मी सावली पाहून जागा दाखवल्या. रस्ता पाहून नाई."

आचलनं गाडी वळणावर घ्यायला लावली. भर बाराच्या उन्हात यंत्र तापलं, माणसंही तापली. पहिला तुकडा बोटभर कमी जाडीचा निघाला. दुसऱ्याचा हातातच चुरा झाला. गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून आचलनं तिथंच लिहिलं, वळण उखडून पुन्हा करावं लागेल.

काम गेलंच असं धरून परतताना प्रेमदासनं डबा, दुपट्टा सगळं पिशवीत भरलं. वाईट वाटत होतं, पण छातीवरचा दगड उतरला होता.

घरापाशी आचल म्हणाली, "काका, यापुढं जागा चिठ्ठ्या टाकून ठरवू. चिठ्ठी तुम्हीच उचलायची."

"मी?"

"तुम्हीच. अख्खा रस्ता पुन्हा तपासू. उद्या सातला येजा. अन् छत्री आणजा."

प्रेमदासनं घरात शिरता शिरताच दीपमालाची फुलाफुलांची छत्री मागून घेतली.