हंगामी आणि कायम

कोल्हापूरजवळच्या साखर कारखान्यात मी हंगामी होतो आणि माझा साडू कायम. काम मात्र एकच, उकळत्या रसाच्या टाकीपाशी. एकदा नळ फुटला आणि दोघांचेही हात भाजले. साहेब दवाखान्यात आले, साडूची पगारी रजा मंजूर करून माझ्या खाटेवरून तसेच पुढं गेले.

बरा होऊन कामावर गेलो, तर टाइमकीपर म्हणाला, "तुमच्या जागी दुसरा घेतलाय की."

"आणि माझा साडू?"

"त्यो कायम हाय."

संध्याकाळी साडू पेढे घेऊन घरी आला. त्याला ऑफिसात हलकं काम मिळालं होतं. भाजल्या हातानं मी पेढा घेतला. पुढं राधानगरीकडं दूध संस्थेत लागलो, तिथंही रोजंदारीवरच.