मी पूर्ण पत्ता लिहिला होता

आठवणी लिहाव्यात एवढं माझ्यापाशी काही नाही, हे मला कळतं. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि लिहायची सवय प्रॅक्टिकलच्या वहीपुरती. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा आगरदांड्याच्या जेटीवर फेरीबोटीचे दोर बांधतात. मी अलिबागला सिव्हिलचा डिप्लोमा करत होतो. नकाशे काढायचं सॉफ्टवेअर विकत घेणं आवाक्यात नव्हतं. बाकीची मुलं एका साइटवरून त्याची चोरीची प्रत घेत, तशी मीही घेतली. ती चालेना. ज्याने ती तिथे टाकली होती, त्या परदेशी माणसालाच मी मोडक्या इंग्रजीत विचारलं. आठवडाभर तो एकेक पायरी समजावत राहिला. मधेच त्याने विचारलं, वडील काय करतात? मी बोटीचं सांगितलं.

शेजाऱ्याची शिडी न्यायची तर घरात कोणी नसलं तरी दारात आपलं नाव सांगून न्यायची, हे आईने शिकवलेलं. म्हणून मी साइटवर त्या प्रतीच्या पानाखाली आभार लिहिले आणि पुढे पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड.

दोन महिन्यांनी साइट उघडली तर पानभर पोलिसांची बोधचिन्हं. अनेक देशांच्या पोलिसांनी एकाच दिवशी छापे घातले होते. सर्व्हर जप्त, माणसं अटकेत.

रूममेटला सांगितलं. तो पोट धरून हसला. “येड्या, चोरीच्या मालाची पोच देतोस? आणि वर पिनकोड?”

नंतर सुट्टीत घरी आलो आणि जेटीवर खाकी कपडे दिसले की मी तिकीटखिडकीच्या आड सरायचो. वाटायचं, कॉलेज सुटेल, बाबांना कोणी काही विचारेल. शेवटी आईला सगळं सांगितलं. तिने भाकरी थापता थापता ऐकलं.

“आन् तो मानूस? त्याच्या घरी कोन हाय का?”

मला लाज वाटली. तोवर मी फक्त माझीच काळजी केली होती.

डिप्लोमा झाला, नोकरी लागली. तिथलं सॉफ्टवेअर रीतसर घेतलेलं आहे. ते उघडताना दर वेळी तो आठवायचा.

गेल्या महिन्यात पोस्टमनने जेटीवर बाबांच्या हातात एक परदेशी कार्ड दिलं. इंग्रजीत चारच ओळी होत्या. ‘सुटलो. आता एका शाळेतले संगणक दुरुस्त करतो. तू पत्ता लिहिलास त्याच दिवशी मी तो कागदावर उतरवून साइटवरून पुसला होता. बाबांची बोट अजून चालते का?’