बाराव्या वाडग्यातली रेघ

इटलीतल्या व्होल्तेरा गावात ओर्मान्नो बत्तीस वर्षं अलाबास्टरचा दुधी दगड लेथवर कातत होता. नव्या विजेच्या दिव्यांसाठी तो पातळ वाडगी करायचा. एका नाटकगृहाची बारा वाडगी त्याने चार महिन्यांत उतरवली. शेवटच्या वाडग्यात बल्ब पेटवून पाहिला, तर काठापासून बुडापर्यंत काळसर रेघ दिसली.

ती दगडाची शीर असेल तर शोभाच. पण भेग असेल तर टांगलेलं वाडगं कधीतरी कुणाच्या डोक्यात पडणार, म्हणजे आत्ताच फोडायला हवं. एवढा मोठा दगड खाणीत आता उरला नव्हता.

दगडाला चकाकी देणारी झेलिंदा वयाने मोठी. तिने बल्ब काढून वाडग्यावरून ओलं फडकं फिरवलं. भेग पाणी पिते आणि सगळ्यात शेवटी सुकते, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

ओर्मान्नो पाठ फिरवून उभा राहिला.

"बायको बाळंत होत होती तेव्हाही असाच उभा होतास," झेलिंदा म्हणाली.

"तेव्हा मेहनत तिची होती, मावशी. ही माझी आहे."

"मग ये आणि बघ. फुंकर मारू नकोस."

आधी काठ सुकला, मग पोट. रेघही त्याच्याबरोबरच सुकली. ओलाव्याचा एक धागाही मागे राहिला नाही.

ओर्मान्नो बाकावर बसला. सकाळचा ऑलिव्ह तेल घातलेला पाव तसाच पडला होता. त्याने तो मोडला आणि मोठा तुकडा झेलिंदाला दिला.

"तेल कमी घातलंय," ती म्हणाली आणि खाऊ लागली.