फ्यूजच्या जागी कुंपणाची तार

गाडीचा आजार ओळखावा तर मीच, असा आमच्या गल्लीत माझा लौकिक आहे. तो पसरवायचं काम मी दुसऱ्या कुणावर सोपवलेलं नाही. माझ्याकडे मल्टीमीटर आहे, मोबाईलवर बघितलेले ढीगभर व्हिडिओ आहेत, आणि गाडी बंद पडलेल्या माणसासमोर कसं गप्प उभं राहायचं, भुवया कशा वर घ्यायच्या, हे तर मला उपजतच येतं.

गाडी दादाची. जुनी, पण इमानी. रोज सकाळी दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून दादा आखाडा बाळापूरला जातो. तिला वहिनीच्या भावानं दिवाळीत एक हॉर्न बसवून दिला होता. त्याचं कुरुंद्याला गॅरेज आहे. माणूस हौशी, बोलका, थोडा बडेजावी. हॉर्न असा की म्हैस रस्ता सोडून रानात उतरायची. दादा तेव्हा गल्लीत सगळ्यांना वाजवून दाखवत होता, "मेव्हण्यानं बसवला." आणि वहिनी दारात उभी राहून, आपण ऐकतच नाही असं दाखवत ऐकत होती.

आता माझा पराक्रम. उन्हाळी भुईमुगावर रानडुकरं येऊ लागली. शेताभोवतीच्या तारेत करंटचे झटके सोडणारी मशीन आमच्याकडे आहे, तिची बॅटरी ऐन वेळी मेली. नवी येईपर्यंत काय करायचं? मी विचार केला: गाडी रात्रभर झोपते, मशीन रात्रभर जागते. म्हणजे एकीची बॅटरी दुसरीला द्यायला काय हरकत? दिवेलागणीला मी गाडीच्या कडेचं झाकण काढून बॅटरी उचलायचो आणि सकाळी दादा धार काढून येण्याआधी परत बसवायचो. दादाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही वाटलं नाही, आणि सांगितलं असतं तर तो नाही म्हणाला असता.

एका सकाळी मला उशीर झाला. दादा कॅन घेऊन अंगणात, मी गाडीपाशी बसून घाईत. लाल वायर काळीच्या जागी गेली. चट् आवाज झाला, एक ठिणगी उडाली.

"काय करून राहिला रे?" दादा.

"काही न्हाई, टर्मिनल साफ करतो."

मी वायरी सरळ केल्या. पण फ्यूज उडाला होता. दुसरा फ्यूज घरात नाही, दादा डोक्यावर. खिशात कुंपणाच्या तारेचा एक तुकडा होता. तोच मी फ्यूजच्या खोबणीत वाकवून बसवला. किक मारली, गाडी सुरू. दादा निघून गेला आणि मी अंगणात माझ्या अकलेवर खूश होऊन चहा पीत बसलो. झटका मशीनची नवी बॅटरीही त्याच दिवशी आली. विषय संपला.

विषय संपला नव्हता, हे गाडीला ठाऊक होतं. ती आधी दिवा लावला की गुचके खाऊ लागली. मग हॉर्न घसा बसल्यागत वाजू लागला. आणि एका सकाळी बाळापूरच्या अलीकडे, ना गाव ना शेत अशा जागी, ती जी बंद पडली ती उन्हं चढेपर्यंत हलली नाही. कॅनातलं दूध नासलं. दादा गाडी ढकलत परत आला. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. त्यानं एकच सांगितलं, "बघ रे, काय झालं तिला."

मी मल्टीमीटर आणला. शेजारचे दोघं-तिघं जमले, म्हणजे मला हवं ते सगळं जमलं. प्लग काढला, इंजिनच्या अंगाला टेकवला, दादाला किक मारायला लावली. ठिणगी निळी आणि कडक पाहिजे. ही पडली पिवळी, मरतुकडी. "प्लग चांगला हाय," मी जाहीर केलं, "आजार मागं हाय." या गाडीची ठिणगी बॅटरीवरच पडते, म्हणून बॅटरीला मीटर लावला. साडेदहा व्होल्ट, पाहिजे बाराच्या वर. दुसरी बॅटरी जोडून गाडी सुरू केली, रेस दिली. चार्जिंग चांगलं असेल तर आकडा चौदाच्या घरात चढतो. हा जागचा हलेना. म्हणजे इंजिन करंट तयार करत असलं तरी तो बॅटरीपर्यंत पोचत नव्हता. मधे असतो रेक्टिफायर, आणि रेक्टिफायर मारायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बॅटरी उलटी लावणे.

हे माझ्याच तोंडून त्या दोघा-तिघांना मी शिकवत होतो. वाक्य अर्ध्यावर आलं, आणि माझा हात फ्यूजच्या डबीवर जाऊन थांबला. आत काय आहे ते मला झाकण न उघडताच दिसलं.

"मग?" दादा म्हणाला. "कशानं गेलं?"

इथं मी 'माझ्यामुळं' म्हणायला पाहिजे होतं. तीन-चार अक्षरांचं काम. पण समोर शेजारी उभे, आणि गल्लीतला लौकिक. माझी नजर हॉर्नवर गेली.

"एवढा मोठा हॉर्न लावल्यावर," मी म्हणालो, "लोड येणारच की."

"मला वाटलंच व्हतं!" दादानं तिथंच फोन लावला, स्पीकर चालू. नासलेल्या दुधाचा सगळा राग मेव्हण्याच्या डोक्यावर ओतला. "तुला कुणी सांगितलं व्हतं रे शहाणपण करायला? हौस तुझी अन् तकलीफ आमाला!" आत वहिनीच्या भाकरी थापण्याचा आवाज चालू होता. तो थांबला. मी मल्टीमीटरच्या वायरी गुंडाळत राहिलो. त्या एवढ्या नीट मी कधीच गुंडाळल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा आला. नेहमीसारखा बोलका नव्हता. रेक्टिफायर सोबतच आणला होता. कडेचं झाकण काढलं, फ्यूजची डबी उघडली आणि तो थांबला. चिमट्यानं तारेचा तुकडा बाहेर काढला, उन्हात धरून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मी त्या क्षणी आभाळाकडे बघत होतो. आभाळात काहीही नव्हतं.

"काय निघालं?" दादानं ओट्यावरून विचारलं.

"काही न्हाई दाजी," तो म्हणाला. "माझीच चूक. हॉर्नचं कनेक्शन मी बराबर दिलं न्हवतं."

रेक्टिफायर बदलला, खरा फ्यूज घातला, हॉर्न काढून पिशवीत टाकला. वहिनीनं ताट केलं होतं. त्यानं उंबऱ्याबाहेरूनच पाणी पिलं, "गिऱ्हाईक बसलंय" म्हणाला. जाताना माझ्या हातात हात दिला. तो सुटला तेव्हा तळव्यात तारेचा तुकडा होता.

पोरीकडचा माणूस वाकतो, ही आमच्याकडची रीत. बहीण दिलेल्या घरात चूक कुणाचीही असो, ती तो अंगावर घेतो. मला ही रीत जन्मापासून माहीत होती. तिचा फायदा घेऊन बघितला तो मात्र तेव्हाच.

तरी मी गप्पच राहिलो असतो, माझा स्वतःवर तेवढा भरवसा आहे. पण दादाच्या लेकराचं जावळ आलं. पहिले केस काढताना लेकरू मामाच्या मांडीवर बसतं. मामाशिवाय जावळ नाही. दादा मात्र अजून दुधावर अडून. "मामाला निरोप देऊ नका," तो म्हणाला. "काका हाय की घरात. त्याच्या मांडीवर बसवू."

जावळाच्या सकाळी वहिनीनं माझा पांढरा शर्ट इस्त्री करून आणून दिला. म्हणाली, "भाऊजी, माझ्या भावाची जागा हाय. नीट बसा."

पाट मांडला. मी बसलो. लेकरू मांडीवर दिलं. ते शर्टाच्या इस्त्रीच्या वासावर खूश होतं, माझं बटण चावत होतं. न्हाव्यानं वाटीत पाणी घेतलं, कपाळावरचे केस भिजवले, वस्तरा उघडला. वहिनी समोर ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती आणि माझ्याकडे नाही, माझ्या मांडीकडे बघत होती.

"थांबा," मी म्हणालो.

"आता काय?" दादा.

"हॉर्ननं काही झालं न्हवतं. मी झटक्याला गाडीची बॅटरी नेत व्हतो. परत लावताना उलटी लावली. रेक्टिफायर मी जाळला."

न्हावी वस्तरा हवेत धरून म्हणाला, "मी थांबू का चालू करू, तेवढं सांगा."

"अन् त्यानं काहून स्वतःवर घेतलं?" दादानं विचारलं.

"त्याला इचारा की," वहिनी म्हणाली. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. "न्हाई तर मला इचारा. मला ठाव हाय."

दादानं गाडीची चावी माझ्याकडे फेकली. पकडायला माझे हात मोकळे नव्हते. ती पाण्याच्या वाटीत पडली. वहिनीनं लेकरू माझ्या मांडीवरून उचलून घेतलं, माझ्या तोंडाकडे न बघता.

कुरुंद्याला गॅरेजसमोर गाडी थांबवली तेव्हा तो एका स्कूटरखाली वाकलेला होता. आवाज ओळखून मान वर न करताच म्हणाला, "परत बंद पडली व्हय?"

"न्हाई. जावळ हाय. पाट मांडलाय, मामा न्हाई. सांगितलं मी सगळ्यांना."

तो उठला. हात पुसायला त्यानं फारच वेळ लावला.

"तुमी तवाच काहून बोलला न्हाई?" मी विचारलं. हा प्रश्न विचारायची लाज मला विचारून झाल्यावर वाटली.

"आधी मला बी वाटलं, हॉर्ननंच गेली आसल," तो म्हणाला. "तार बघितल्यावर कळलं. पण पाव्हणं, दाजीसमोर तुमाला खोटं पाडून मी कुरुंद्याला आलो असतो. भाकर बहिणीला तुमच्यातच खायची हाय."

मग तो आत जाऊन फळीवरचा हॉर्न घेऊन आला. गाडी त्यानं चालवायला घेतली; मी मागितलीही नाही. हॉर्न ठेवायला जागा नव्हती.

"मांडीवर घ्या," तो म्हणाला, "अन् धरून बसा नीट. लेकरावाणी."

सगळा रस्ता मी तो धरून बसलो. जड होता.