नऊ आणि सहा

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या कारखान्याचा या वर्षीचा अहवाल काल पोस्टाने आला. त्यात ‘बेसिक’ आणि ‘डायल्युटेड’ अशा दोन ओळींपुढे एकच आकडा आहे: सहा. पुढे कधी तुम्ही हा अहवाल उघडलात, तर काही घडून गेलं होतं असं तुम्हाला दिसणारच नाही. म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

धायरीची शेड तुमच्या आजोबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने मिळून उभी केली. निम्मे शेअर यांचे, निम्मे त्यांचे. वर्षाचा नफा भागिले एकूण शेअर, म्हणजे एका शेअरमागे जे रुपये पडतात, तो बेसिक आकडा. पुढे नवे शेअर मिळण्याचा हक्क कोणाला दिलेला असेल, तर तेही आजच दिले असं धरून पुन्हा भागायचं, तो डायल्युटेड. असा हक्क कोणालाच नव्हता तोवर दोन्ही आकडे सारखे येत.

हे मला आता सांगता येतं. तेव्हा फक्त इंग्रजी येत होतं. भाऊजी दरवर्षी छापण्याआधी अहवाल घेऊन शनिवार पेठेत आमच्याकडे येत. “वहिनी, आमचं इंग्रजी कारखान्यातलं. जरा माणसात आणा.” मग चहा, खारी आणि माझं लाल पेन.

आजोबा गेल्यावर त्यांचे शेअर माझ्या नावावर झाले. त्या वर्षी एक ठराव आला. नव्या मशीनसाठी कर्ज घ्यायचं, आणि देणाऱ्याला ते हवं तेव्हा शेअरमध्ये बदलून घेता येईल. देणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. “बँकवाले असलीच वाक्यं मागतात,” भाऊजी म्हणाले. मी क्रियापदाचा घोळ निस्तरला आणि सभेत हात वर केला.

पुढच्या वर्षीच्या मसुद्यात बेसिक नऊ होता आणि डायल्युटेड सहा.

डायल्युटेड म्हणजे पातळ केलेलं, एवढं मी वर्गात कितीदा तरी शिकवलं होतं. मला वाटलं, सावधपणे, पाणी घालून सांगितलेला नफा असेल.

“भाऊजी, यंदा खालचा आकडा फारच पातळ दिसतोय.”

“अहो, जर-तरचा आकडा आहे तो. कायद्याची हौस. तुम्ही स्पेलिंग बघा.”

स्पेलिंग बरोबर होतं. पण आमटीत पाणी घातलं की भांडं तरी भरतं. इथे नफा होता तेवढाच होता. मग पंगतीतली पानंच वाढली असणार. नवाचे सहा व्हायला दोन पानांची तीन व्हावी लागतात. मी मसुद्याच्या शेवटची, त्या कर्जाची टीप काढली. कोऱ्या जागेत आता नाव होतं, भाऊजींच्या मुलाचं. आपला निम्मा वाटा एक तृतीयांश होणार होता, आणि ते वाक्य माझ्याच हाताने शुद्ध झालं होतं.

“हा जर-तर तुमच्याच घरात राहतो की, भाऊजी.”

“मग? परक्याला दिलं का? घरातच आहे सगळं.”

“कोणाच्या घरात, ते लिहायचं राहिलं. नाहीतर तेही दुरुस्त केलं असतं.”

त्यांनी चहा संपवला, मसुदा उचलला आणि गेले. वकील म्हणाले, हात तुम्हीच वर केलात, आता काही होणार नाही.

आजोबांच्या आजारपणात दवाखान्यात त्यांच्या उशाशी भाऊजीच बसून असत. ते खोटं होतं असं मला म्हणवत नाही. म्हणूनच हे पचत नाही.

गेल्या वर्षी पुतण्याने कर्जाचे शेअर करून घेतले. जर-तर संपला, म्हणून दोन्ही ओळींत सहा. अहवाल आता माझ्याकडे दुरुस्तीला येत नाही. पहिल्याच पानावर दोन चुका आहेत. मी पेन उघडलं नाही.

तिसरा हिस्सा अजून माझ्या नावावर आहे. वारस म्हणून तुम्हा दोघांची नावं लावली आहेत.